बाजारातलं जुनं पुस्तक आणि कोपऱ्यातलं जुनं मशीन

पत्र

काकू, मी सव्वीस वर्षांचा. राजेंद्रनगरात राहतो, पीथमपूरच्या एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरी करतो. आतापर्यंत प्रिंटर, केबल, लोकांचे पासवर्ड एवढंच बघायचो. मार्चमध्ये आमचे सिनियर नोकरी सोडून गेले आणि सर्व्हर रूमची किल्ली माझ्या हातात आली. आत चार मशीन आहेत. दोनांवर सेंटओएस ७, एकावर उबंटू (दोन्ही लिनक्सचेच प्रकार), आणि कोपऱ्यात आयबीएमचं एक जुनं मशीन आहे, त्यावर एआयएक्स चालतं, म्हणजे लिनक्सच्या आधीपासूनच्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचं आयबीएमचं रूप. स्टॉकचा जुना हिशेब त्यावरच आहे. त्याला कोणी हात लावत नाही.

मालक म्हणाले, पुस्तकं घे, तीन हजारांपर्यंत बिल दे. मित्राने पेन ड्राइव्हमध्ये चारशे पुस्तकं दिलीत, पण कुठून सुरू करू कळत नाही. खजूरी बाजारात एलीन फ्रिशचं ‘इसेन्शियल सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेशन’, २००२ चं, दोनशे रुपयांत मिळतंय. मित्र म्हणतो, ‘भिया, ये तो रद्दी है.’ भंवरकुआँला एक क्लासवाला पाचशे प्रश्नोत्तरांच्या नोट्स देतो. शिवाय माझं शिक्षण हिंदी माध्यमात झालं. इंग्रजी पुस्तक उघडलं की तिसऱ्या पानावर झोप येते. काय घेऊ?

– किल्लीवाला, इंदूर

उत्तर

अरे किल्लीवाल्या,

आधी खजूरी बाजारात जा आणि ते पुस्तक उचल. दोनशे सांगतोय तर दीडशे म्हणून बघ, पण पन्नास रुपयांपायी सोडून येऊ नकोस.

तुझा मित्र अगदीच खोटं बोलत नाहीये. २००२ नंतर लिनक्समध्ये बरीच उलथापालथ झाली. मशीन सुरू होताना कोणती सेवा आधी उठेल, कोणती नंतर, हे ठरवणारी यंत्रणाच बदलली. लिनक्स विकणाऱ्या रेडहॅट कंपनीने २०१४ मध्ये आपल्या सातव्या आवृत्तीत (तुझं सेंटओएस ७ तिचंच फुकट रूप) सिस्टिमडी ही नवी यंत्रणा आणली आणि जुन्या पुस्तकांतली इनिटटॅबची, म्हणजे आधी हे सगळं ठरवणाऱ्या फाइलीची, प्रकरणं लिनक्सवाल्यांसाठी बाद झाली. नेटवर्क बघायच्या आज्ञाही बदलल्या: आयएफकॉन्फिगच्या जागी आयपी आलं, नेटस्टॅटच्या जागी एसएस. तुझ्या दोन्ही सेंटओएसवर आणि उबंटूवर त्या पुस्तकातलं स्टार्टअपचं प्रकरण लावायला गेलास तर डोकं धरून बसशील.

पण त्या कोपऱ्यातल्या एआयएक्सला यातलं काही कळलेलंच नाही! तिथे इनिटटॅब अजून आहे, मशीन उठताना तीच फाइल वाचतं. फ्रिशबाईंनी २००२ च्या त्या तिसऱ्या आवृत्तीत लिनक्सच्या शेजारी एआयएक्स, सोलारिस, एचपी-यूएक्स, फ्रीबीएसडी आणि ट्रू६४ अशी युनिक्सची सगळी भावंडं एका पंगतीला बसवली आहेत. काम एकच, आणि प्रत्येकाच्या घरी ते कसं करतात ते पाठोपाठ सांगितलंय. तुझ्या तीन मशीनांसाठी जे प्रकरण रद्दी, तेच चौथ्यासाठी दोनशे रुपयांत पडलेलं घबाड आहे. आजकालच्या चकचकीत पुस्तकांत एआयएक्सचं नावही सापडत नाही.

म्हणून पुस्तक घेताना मुखपृष्ठामागचं साल बघून थांबायचं नाही. प्रत्येक पुस्तकात काही पानं पंचांगाची असतात आणि काही पाढ्यांची. पंचांगाची पानं म्हणजे कोणतं पॅकेज कोणत्या आज्ञेने बसवायचं, फायरवॉलचा नियम कसा लिहायचा, कोणती फाइल कुठे ठेवलीय. ती साल बदललं की गेली. पाढ्यांची पानं म्हणजे फाइल म्हणजे काय, प्रोसेस कशी जन्मते आणि कशी मरते, परवानग्यांचे ते नऊ अक्षरांचे डबे, पाइप, सिग्नल. हे सत्तरच्या दशकात जसं होतं तसंच जवळजवळ आजही आहे. नवशिका पंचांग पाठ करायला धावतो, कारण ते लगेच वापरता येतं. आणि अडतो मात्र पाढ्यांत.

माझंच बघ. १९९७ चा डिसेंबर असेल. जवाहर मार्गावरच्या एका पेढीत मी एससीओ युनिक्सचं मशीन सांभाळायची. एक मशीन आणि त्याला जोडलेले आठ डंब टर्मिनल, म्हणजे नुसते पडदे आणि कीबोर्ड. संध्याकाळी सहाला डिस्क शंभर टक्के भरली, बिलं अडकली, सेठजी मागे येऊन उभे. मी शोधलं, तर हिशेबाच्या प्रोग्रामने लिहिलेली एक लॉग फाइल फुगून डोंगर झाली होती. मोठ्या आत्मविश्वासाने आरएम, म्हणजे फाइल पुसायची आज्ञा, मारला. फाइल गेली. डिस्क किती भरली ते सांगणारं डीएफ बघितलं, तर अजूनही शंभर टक्के. म्हणून आणखी दोन-चार फाइली उडवल्या, ज्या मुळीच उडवायच्या नव्हत्या. फाइलींनी किती जागा घेतली ते मोजणारं डीयू म्हणे जागा रिकामी आहे, डीएफ म्हणे भरलेली आहे. दोघांपैकी एक खोटं बोलतंय असं ठरवून मी मशीनचं बटणच दाबलं.

मशीन उठलं, डिस्क तपासली गेली, जागा परत आली. त्या दिवसाच्या नोंदी मात्र अर्ध्या गेल्या. रात्री अकरापर्यंत सगळी मंडळी कागदाच्या बिलांवरून परत टाइप करत बसली. सेठजी एक शब्द बोलले नाहीत, उलट सराफ्यातून सगळ्यांसाठी गरम गराडू मागवले. ते गराडू माझ्या घशाखाली उतरेनात.

पुढे दोन महिन्यांनी एका पुस्तकात अर्ध्या पानाचा मजकूर वाचला आणि सगळं उलगडलं. डिरेक्टरीत असतं ते फक्त नाव. खरी फाइल म्हणजे इनोड, म्हणजे डिस्कवरची तिची नोंद, आणि त्याने धरून ठेवलेले जागेचे ब्लॉक. आरएम नाव पुसतं. त्या इनोडकडे बोट दाखवणारं एकही नाव उरलं नाही, आणि कोणत्याही प्रोग्रामने ती फाइल उघडून धरलेली नसेल, तेव्हाच जागा सुटते. माझा हिशेबाचा प्रोग्राम ती फाइल हातात घट्ट धरून लिहितच होता. डीयू नावं मोजत फिरतं, म्हणून त्याला ती दिसेना. डीएफ ब्लॉक मोजतं, म्हणून त्याला दिसत होती. दोघंही खरं बोलत होते! तो प्रोग्राम नीट बंद करून परत सुरू केला असता, किंवा फाइल न पुसता नुसती रिकामी केली असती, तर दोन मिनिटांचं काम होतं. आज तुला हे सापडवायला एलएसओएफ ही आज्ञा आहे. नाव गेलेल्या पण उघड्या राहिलेल्या फाइली ते लगेच काढून दाखवतं. पण काय शोधायचं तेच माहीत नसेल तर एलएसओएफ तरी काय करणार?

तेव्हापासून दुकानात पुस्तक हातात घेतलं की मी ते मागून उघडते. सूचीत इनोड शोधायचा, त्या पानावर जायचं आणि बघायचं, की हा लेखक मला ती संध्याकाळ समजावून सांगू शकला असता का. सांगत असेल तर पुढे बॅकअपचं प्रकरण. बॅकअप कसा घ्यायचा याची दहा पानं आणि तो परत कसा चढवायचा याच्या दोन ओळी असतील, तर पुस्तक खाली ठेवायचं. या दोन चाळण्यांतून फार थोडी पुस्तकं खाली उतरतात.

जी उतरतात त्यांत पहिलं नाव ईव्ही नेमेथ आणि मंडळींच्या ‘युनिक्स अँड लिनक्स सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेशन हँडबुक’चं. १९८९ पासून हे चाललंय, पाचवी आवृत्ती २०१७ ची. नेमेथबाई स्वतः २०१३ च्या जूनमध्ये न्यूझीलंडहून ऑस्ट्रेलियाकडे जाणाऱ्या एका जुन्या शिडाच्या जहाजावर होत्या, ते जहाज टास्मन समुद्रात नाहीसं झालं ते झालंच. पुस्तक सहलेखकांनी पुढे नेलं. लिहिण्याची तऱ्हा अशी की शेजारच्या टेबलावरचा अनुभवी माणूस चहा पिता पिता सांगतोय, हे कर, ते मुळीच करू नकोस, आणि अमुक कंपनीने इथे मूर्खपणा केलाय. असं ठणकावून मत देणारं तांत्रिक पुस्तक विरळा.

आता यात एक गंमत आहे, ती दुकानदार तुला सांगणार नाही. पाचवी आवृत्ती डेबियन, उबंटू, रेडहॅट, सेंटओएस आणि फ्रीबीएसडीपुरती आहे. एआयएक्स तिच्यातून वगळलंय. २०१० च्या चौथ्या आवृत्तीत मात्र एआयएक्स, सोलारिस, एचपी-यूएक्स आहेत. म्हणजे तुला सेकंडहँड चौथी मिळाली तर ‘जुनी आवृत्ती’ म्हणून नाक मुरडू नकोस. मालकांच्या पैशातून पाचवीची भारतीय छपाई घे, आणि चौथी कुठे दिसली तर स्वतःच्या खिशातून घेऊन ठेव. दोन्ही जाड आहेत. सलग वाचायला बसू नकोस, मीही कधी वाचली नाहीत. काम निघालं की ते प्रकरण काढायचं, कामाच्या आधी एकदा आणि झाल्यावर एकदा वाचायचं. दुसऱ्या वेळी जास्त कळतं.

सलग वाचायची पुस्तकं वेगळी. सुरुवात विल्यम शॉट्स यांच्या ‘द लिनक्स कमांड लाइन’ने कर. छापील पुस्तक मिळतं, पण लेखकाने स्वतःच आपल्या संकेतस्थळावर पीडीएफ फुकट ठेवलंय, तेव्हा यावर एक पैसाही घालवू नकोस. यात सर्व्हर सांभाळणं फारसं नाही. हात बसतो, बस. आणि हात बसल्याशिवाय पुढचं काही डोक्यात उतरत नाही. नंतर ब्रायन वॉर्ड यांचं ‘हाऊ लिनक्स वर्क्स’, तिसरी आवृत्ती, २०२१. बटण दाबल्यापासून लॉगिन येईपर्यंत मशीनच्या पोटात काय काय घडतं ते हे पुस्तक सांगतं, सिस्टिमडीसकट. फ्रिशबाईंच्या पुस्तकातलं लिनक्सपुरतं जे पंचांग जुनं झालंय, ते इथे ताजं मिळेल. हे मात्र नवं विकत घे.

कॉलेजात सुमिताभ दास यांचं ‘युनिक्स: कन्सेप्ट्स अँड ॲप्लिकेशन्स’ होतं का? आपल्याकडे बऱ्याच अभ्यासक्रमांत असतं. असेल तर माळ्यावरून खाली काढ. परीक्षेच्या धाकाने वाचलेलं पुस्तक नोकरी लागल्यावर वाचलं की वेगळंच लागतं. मॉरिस बाख यांचं १९८६ चं आणि रिचर्ड स्टीव्हन्स यांचं १९९२ चं, अशी दोन नावं कोणीतरी तुला छातीठोकपणे सुचवेल. पुस्तकं अस्सल आहेत, पण एक कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, आतून बघणाऱ्यांसाठी आणि दुसरं सी मध्ये प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी. आत्ता नकोत.

पेन ड्राइव्हचं काय करायचं ते तूच ओळखलं असशील. चारशे पुस्तकं असलेल्या माणसाकडे एकही पुस्तक नसतं. त्यातली बहुतेक चोरीची आहेत ते वेगळंच.

क्लासवाल्याच्या पाचशे प्रश्नोत्तरांबद्दल दोन ओळी पुरेत. मुलाखतीची पहिली पंधरा मिनिटं त्यावर निघतील, नोकरी निघणार नाही. पुढे प्रमाणपत्र घ्यावंसं वाटलं तर रेडहॅटची आरएचसीएसए परीक्षा बघ. तिथे चार पर्यायांतून एक निवडायचा प्रकारच नाही. मशीन समोर असतं, कामं दिलेली असतात, ती करायची, आणि मशीन रीबूट झाल्यावरही तुझं काम टिकलं पाहिजे. पाठांतर तिथे गेटबाहेरच राहतं.

आता इंग्रजीचं. तिसऱ्या पानावर झोप येते म्हणालास, ती इंग्रजीमुळे येत नाही. हात रिकामे असतात म्हणून येते. घरी जुना लॅपटॉप असेल तर त्यावर व्हर्च्युअल मशीन, म्हणजे लॅपटॉपच्या पोटात चालणारं दुसरं मशीन, बसव, पुस्तक डाव्या हाताला ठेव, आणि प्रत्येक परिच्छेदानंतर काहीतरी टाइप कर. मशीन मोडू दे, परत बसव. मी सांगते, झोप येणार नाही. उलट आई जेवायला हाका मारून दमेल.

आणि रोज एक मॅन पान, म्हणजे मशीनमध्येच असलेलं एकेका आज्ञेचं माहितीपान. युनिक्सचं पहिलं मॅन्युअल केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी काढलं, त्यावर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे, आणि पानांचा साचा आजही ओळखू येतो: नाव, सारांश, वर्णन, आणि शेवटाकडे ‘बग्ज’, म्हणजे आमच्यात काय खोट आहे ते आमच्याच तोंडून. या पानांचं इंग्रजी साहित्यिक नाही. सातबाराच्या उताऱ्यासारखं आहे: तेच रकाने, तेच शब्द, पहिले दहा उतारे जड जातात आणि मग नजर आपोआप हव्या त्या रकान्यावर जाते. सारांशात चौकोनी कंसात असेल ते दिलं तरी चालतं, नाही दिलं तरी चालतं. तीन टिंबं असतील तर तीच गोष्ट एकापेक्षा जास्त वेळा देता येते. विभागांचे आकडेही ओळखून ठेव. पहिला विभाग रोजच्या आज्ञांचा, पाचवा फाइलींच्या रचनेचा, आठवा आपल्यासारख्या किल्लीवाल्यांचा. नुसतं ‘मॅन पासवड’ म्हटलंस तर पासवर्ड बदलायची आज्ञा दिसेल, मध्ये पाच घातलास तर त्या नावाच्या फाइलीतला एकेक रकाना. हे मला कोणी सांगितलं नव्हतं म्हणून मी वर्षभर चुकीचं पान वाचत होते.

वाचणं इंग्रजीत असलं तरी लिहिणं मराठीत ठेव, आणि लिहिणं सोडू नकोस. जवाहर मार्गावरचे मुनीम रोजमेळ लिहायचे, तसा सर्व्हरचा रोजमेळ घाल. कागदाचीच वही, कारण मशीन बसलेलं असताना मशीनमधली वही उघडत नाही. तारीख, काय बिघडलं, आधी काय बघितलं, काय केलं, त्याने काय झालं. ‘उबंटूवर डिस्क ९१ टक्के, जुने कर्नल काढले, ७४ वर आली,’ एवढंसुद्धा चालेल. फसलेले उपाय खोडू नकोस, पुढच्या वेळी तेच वाचवतात. तुमच्या सिनियरांनी असली एक वही ठेवून दिली असती तर तुला मला पत्र लिहायची वेळ आली नसती.

थॉमस लिमनचेली आणि सहकाऱ्यांचं ‘द प्रॅक्टिस ऑफ सिस्टिम अँड नेटवर्क ॲडमिनिस्ट्रेशन’ सहा महिन्यांनी बघ. आज्ञा शिकवणारं पुस्तक नव्हे ते. लोकांच्या तक्रारी कशा घ्यायच्या, बदल कधी करायचा, तो फसला तर माघारी कसं यायचं, असलं त्यात आहे. आत्ता वाचलंस तर उपदेश वाटेल. एखादा शुक्रवार संध्याकाळी काही बदललंस आणि शनिवारचा पीथमपूरचा फेरा घडला, की स्वतःहून शोधत जाशील.

दोन कामं मात्र पुस्तकांची वाट न बघता याच आठवड्यात कर.

सेंटओएस ७ चे दुरुस्तीचे हप्ते ३० जून २०२४ ला बंद झाले. त्याला आता पुस्तक वाचून इलाज नाही, रॉकी किंवा अल्मा लिनक्सवर जावं लागेल. ती घाई एकट्याने करू नकोस, पण मालकांना आजच मेल टाकून ठेव. तोंडी सांगितलेलं कोणाच्या लक्षात राहत नाही, आणि उद्या काही झालं तर ‘किल्ली तुझ्याकडे होती’ हे मात्र सगळ्यांच्या लक्षात राहतं.

दुसरं एआयएक्सचं. ते घरच्या लॅपटॉपवर बसत नाही, त्याला आयबीएमचं पॉवर प्रोसेसरवालं मशीनच लागतं, त्यामुळे सराव तिथेच आणि जपून. आधी शोध की एमकेसिसबी शेवटचं कधी घेतलं होतं आणि ते कुठे ठेवलंय. तो त्या मशीनच्या सिस्टिमचा, म्हणजे रूटव्हीजी नावाच्या मुख्य डिस्कगटाचा बॅकअप; दुसऱ्या डिस्कगटातला डेटा त्यात येत नाही. सापडला नाही तर फ्रिशबाईंचं बॅकअपचं प्रकरण पहिलं वाच, बाकीचं मागून. नंतर स्मिटी नावाचा मेनू उघड. त्यात हवं ते काम निवडायचं, रकाने बघायचे आणि एंटर न मारता एफ-सहा दाबायचं. तो मेनू मागून कोणती आज्ञा चालवणार होता ती समोर लिहून येते. ती वहीत उतर, मॅन पान बघ, मेनूतून बाहेर ये. काही मोडत नाही आणि रोज दोन आज्ञा शिकून होतात. आयबीएमची रेडबुक्स नावाची मालिका फुकट उतरवता येते, एआयएक्सवर त्यात भरपूर आहे, पण त्याकडे महिनाभराने वळ.

बिलाचा हिशेब असा लाव: वॉर्ड नवं, नेमेथची पाचवी, फ्रिश जुनं. तीन हजारांत बसलं नाही तर नेमेथ कारखान्याच्या नावावर घ्यायला सांग, ते ऑफिसातच राहील. आणि फ्रिश घेताना दुकानातच पानं उलटून बघ. जुन्या तांत्रिक पुस्तकांतून नेमकी बॅकअपचीच पानं कोणीतरी फाडून नेलेली असतात.

– तुझी काकू